पाचव्या माळेचा दिवस

पहाटे ५.३० : कोराडीच्या जगदंबेची रांग रस्त्याला लागली आहे. नवरात्रात मी दुकान अंधारातच उघडतो. या गर्दीत सगळ्यात जास्त हरवते ती दुचाकीची चावी, आणि ज्याची हरवते त्याला नागपूरला ड्यूटी गाठायची असते.

६.१५ : पहिलं गिऱ्हाईक. माझा शिकाऊ पोरगा कोरी चावी घेऊन गाडीकडे निघालाच. मी हाक मारली. आधी आरसी, मग ओळखपत्र, मग वहीत गाडीचा नंबर आणि सही. आयटीआयत दोन वर्षं फिटर केलंय त्याने, कानस माझ्यापेक्षा सफाईने चालवतो. वहीची आठवण मात्र अजून मलाच करावी लागते.

९.०० : तर्री पोहे. मग धडा. पाच पिनांचं कुलूप उकलून बाकावर मांडलं. खालची पिन चावीच्या दातावर बसते, तिच्यावर वरची. दोघींमधली फट पाचही ठिकाणी नळीच्या कडेला आली की नळी फिरते. लायनस येलने १८६१ साली अमेरिकेत पेटंट घेतलेली ही युक्ती आज आपल्या दारोदार आहे. पिना परत भरताना पोराने तेलाची बुधली उचलली. ती मी काढून घेतली. इथल्या हवेत वीज केंद्राची राख. तेलाला ती चिकटते आणि पावसाळ्याआधीच पिना अडकतात. आपल्याकडे ग्राफाइटची पूडच बरी.

११.३० : महादुल्याला तिजोरी. गोदरेजने कुलपं १८९७ साली सुरू केली, तिजोऱ्या १९०२ साली. ही त्यानंतरची, पण माझ्या वयापेक्षा जुनी. आजोबा गेले आणि चावी कुठे ठेवली ते कोणालाच ठाऊक नाही. आजी म्हणाल्या, “ड्रिल नको मारू बाबू, त्यांच्या हातची वस्तू आहे.” दोन्ही मुलं येईपर्यंत आम्ही थांबलो. मग कोरी चावी मेणबत्तीवर काळी केली, आत घालून हलकेच दाबली. लिव्हर जिथे टेकले तिथे काजळी पुसली गेली. तिथेच कानशीचे दोन हात, जास्त नाही. लिव्हर हवा त्यापेक्षा कमी उचलला गेला की चावी वाया. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. अडीच तास गेले.

“काका, फिरून नाही राहिली.”

“जोर नको लावू. दाराला गुडघा लाव.”

दार आत दाबलं तसा खिट्ट्यांवरचा ताण सुटला आणि चावी वळली. मुठीला हात न लावता आम्ही मागे सरलो. दार आजींनी उघडलं. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे. ही रीत मला माझ्या उस्तादांनी शिकवली. आजी आत काय बघत होत्या कोण जाणे, बराच वेळ कोणी बोललं नाही.

३.०० : दार उघडं ठेवूनच चावी दहा वेळा फिरवून पाहिली. लगेच बंद करायची घाई नडते. खिट्टी अर्ध्यात राहिली तर दार पुन्हा अडकतं.

५.०० : पोराचे वडील वीज केंद्रात कामाला. तिथे मशीनला हात घालण्याआधी स्विचला जो तो आपलं कुलूप लावतो, चावी आपल्याच खिशात. मी विचारलं, “तसलं कुलूप कोणी उघडायला आणलं तर?” तो म्हणाला, “हात नाही लावणार काका. आत माझा बाप असू शकतो.” मी पुढे काही बोललो नाही.

८.३० : आरतीचे नगारे. आजींसाठी दुसरी चावी घासून झाली. पोराने तिला चिठ्ठी बांधली, पत्ता लिहायला घेतला आणि थांबला. मग वहीतला फक्त अनुक्रमांक लिहिला.