अंथरुणावरून दिसणारे घर

घर सजविताना आपण ते बहुधा उभ्या माणसाच्या दृष्टीने पाहतो. दारातून येणाऱ्या पाहुण्यास भिंत कशी दिसेल, पडदे कसे शोभतील, याचीच चिंता अधिक. परंतु ज्यास महिनोन्महिने उताणे पडून राहावयाचे आहे, त्याच्या वाट्यास भिंत येतच नाही. येते ते छत.

फिनलंडमध्ये पाइमियो येथे १९३३ साली पुऱ्या झालेल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात आल्वार आल्टो या वास्तुशिल्पज्ञाने नेमका हाच विचार केला. क्षयावर त्या काळी रामबाण औषध नव्हते. विश्रांती, ऊन आणि मोकळी हवा हाच उपचार. म्हणून त्याने छतास डोळ्यांना निववील असा गडद रंग दिला, भिंती फिक्या ठेवल्या आणि दिवा रोग्याच्या नजरेआड बसविला. खोलीत खाटा दोनच. हात धुण्याच्या भांड्याचा उतारही असा की पाणी आवाज न करता पडावे व शेजाऱ्याची झोप मोडू नये! एखाद्या अलंकृत दिवाणखान्यापेक्षा हे भांडे आम्हांस थोर वाटते.

हे केवळ कविमनाचे लाड नव्हेत. रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका रुग्णालयातील १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, उरलेल्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरीने काहीसे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. १९८४ साली हे प्रसिद्ध झाले.

आता आपल्या घरांकडे वळू. इंदूर-बडोद्याच्या जुन्या वाड्यांचे गोडवे आपण गातो. पण त्याच वाड्यांत बाळंतिणीची खोली अंधारी, कोंदट आणि शेगडीच्या धुराने भरलेली असे, हेही स्मरावे. सदनिकांत तो अंधार आता आजी-आजोबांच्या वाट्यास आला आहे. खिडकीची खोली दूरदर्शन संचास आणि सुनामुलांना. म्हाताऱ्यांची खाट आतल्या बोळात. “त्यांना आता दिसते कुठे?” असे म्हणणारे आम्हांस भेटले आहेत. मोतीबिंदू झालेल्यासही सकाळ-संध्याकाळ कळते, आणि ती कळेनाशी झाली म्हणजे झोप बिघडते, चिडचिड वाढते, दिवस व रात्र यांचा मेळ राहत नाही.

यास खर्च फार नाही. खाट खिडकीकडे वळवावी. दक्षिणेकडे पाय नकोत असा ज्येष्ठांचा आग्रह असेल तर ती आडवी लावावी; वाद घालू नये. डोक्यावरची ट्यूबलाइट काढून बाजूस मंद दिवा ठेवावा. घड्याळ व मोठ्या आकड्यांची दिनदर्शिका उशीवरून दिसेल अशी टांगावी. तुळशीची कुंडी कठड्यावर किती उंच ठेवावी, हे ठरविण्यापूर्वी घरच्या कर्त्या माणसाने स्वतः त्या खाटेवर दहा मिनिटे उताणे पडून पाहावे.