घरच्या अंगणातील आमरी

वैशाख सरून मृगाचे वेध लागले की कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जुन्या आंबा-फणसांच्या खोडांवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे भरगच्च तुरे लोंबू लागतात. हीच सीतेची वेणी. आमरी, म्हणजेच ऑर्किड, कुळातील हे फूल आसामचे राज्यपुष्प असून रंगाली बिहूच्या नृत्यात तेथील स्त्रिया ते केसांत माळतात.

वृक्षावर वाढते म्हणून पुष्कळजण तिला बांडगूळ समजतात व तोडून टाकतात. हा समज चुकीचा आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी केवळ आधार घेते. तिच्या मुळांवरील पांढुरके, सच्छिद्र वेष्टन पावसाचे व दवाचे पाणी टिपून घेते. भिजताच ही मुळे हिरवी दिसतात, सुकली की पुन्हा रुपेरी. पाणी केव्हा द्यावे याची याहून सोपी खूण नाही.

कुंडीत माती मात्र घालू नये, मुळे कुजतात. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे व नारळाची सोडणे पुरेशी होतात. कोवळे ऊन व खेळती हवा हवी. दाट सावलीत पाने तजेलदार राहतात, पण फूल येत नाही. देशावरील कोरड्या उन्हाळ्यात भोवतालची हवा दमट ठेवावी लागते.

सुगंधाच्या ओढीने रोप घेणाऱ्यांची पुष्कळदा निराशा होते. बाजारात सर्रास मिळणारी फॅलेनॉप्सिसची रोपे बहुधा गंधहीन असतात. सीतेची वेणी मंद, गोड दरवळते. परागीभवन करणारा कीटक ज्या वेळी फिरतो त्या वेळी गंध सुटतो. म्हणून काही जाती दिवसा, तर काही रात्रीच दरवळतात. व्हॅनिलाही याच कुळातील, पण तिच्या ओल्या शेंगेला वास नसतो. तो मुरवण्याच्या क्रियेत येतो.

आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. त्यात अन्नसाठा नसल्याने निसर्गात विशिष्ट बुरशीच्या साहाय्याशिवाय ते रुजत नाही. म्हणून रानातून ओरबाडलेल्या रोपाची जागा सहजी भरून निघत नाही. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर, बुरशीविना, बी रुजवून दाखविले. पुढे ऊतिसंवर्धनाचीही जोड मिळाली. आज रोपवाटिकेत अशी रोपे मिळत असताना रानातील रोपांना हात लावण्याचे कारण उरत नाही. राखीव वनातून ती नेणे तर भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे.

शाळेच्या किंवा चावडीच्या आवारातील आंब्याची फांदी वादळात मोडली व तिच्यावर आमरी आढळली, तर ती काथ्याच्या दोरीने त्याच खोडाला बांधावी. पावसाळ्यात मुळे नव्याने साल धरतात.