क्रॉसओव्हर (मोटारवाहन)

क्रॉसओव्हर हे प्रवासी मोटारगाडीच्या पायावर उभारलेले, परंतु उंची व बाह्यरूप यांत एसयूव्हीसारखे दिसणारे मोटारवाहन होय. 'एसयूव्ही' हे 'स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल' या नावाचे लघुरूप आहे. मूळच्या एसयूव्ही हलक्या मालट्रकच्या किंवा जीपच्या सांगाड्यावर बांधलेल्या असत. आज विक्रेते, वृत्तपत्रे आणि ग्राहक दोन्ही प्रकारांना सर्रास एसयूव्ही म्हणतात, आणि मोटारगाडीपासून घडलेल्या वाहनास हे नाव शोभते काय, असा वाद त्यातून उद्भवला आहे. हा वाद केवळ शब्दाचा नाही. कर, इंधनाविषयीचे नियम आणि नाव पाहून गाडी खडतर वाटेवर नेणाऱ्याची सुरक्षितता या गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

रचना

पारंपरिक एसयूव्हीमध्ये पोलादाची शिडीसारखी चौकट (लॅडर फ्रेम) असते. इंजिन, चाके व सस्पेन्शन या चौकटीला जोडतात आणि प्रवाशांचा कक्ष स्वतंत्रपणे तयार करून तिच्यावर बसवतात. खडकाळ जमिनीवर चाके वरखाली होऊन जो पीळ पडतो, तो मुख्यतः चौकट सोसते. जड ओझे ओढण्यासही ही रचना सोयीची असते. मात्र तिचे वजन जास्त असते आणि पक्क्या रस्त्यावर, विशेषतः वळणांवर, अशी गाडी अधिक डोलते.

क्रॉसओव्हरमध्ये वेगळी चौकट नसते. छत, तळ, खांब व बाजू मिळून एकच कवच बनते व तेच सारा भार पेलते. या रचनेस मोनोकॉक म्हणतात. गाडी हलकी होते, इंधन कमी लागते आणि अपघातात चुरगळून आघात शोषणारे भाग योजणे सोपे जाते. बहुसंख्य क्रॉसओव्हरमध्ये इंजिनाची शक्ती केवळ पुढच्या चाकांना मिळते. काहींत चारही चाकांना शक्ती देण्याची सोय असते. परंतु तीव्र चढावर अथवा चिखलात अतिमंद गतीने जास्त जोर देणारा 'लो रेंज' गिअर बहुधा नसतो.

इतिहास

अमेरिकन मोटर्सची ईगल ही १९८०च्या मॉडेल वर्षाची गाडी या प्रकाराची पूर्वज मानली जाते. साध्या मोटारगाडीला उंची व चारही चाकांची शक्ती देऊन ती बनवली होती. प्रकार खऱ्या अर्थाने रुजला तो जपानमध्ये. टोयोटाची आरएव्ही४ १९९४ साली आली आणि होंडाची सीआर-व्ही १९९५ साली.

भारतात महिंद्राने स्कॉर्पिओ (२००२) चौकटीवर बांधली, तर चाकणच्या कारखान्यात तयार झालेली एक्सयूव्ही५०० (२०११) मोनोकॉक होती. टाटा सफारीचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९८ची सफारी चौकटीवर बांधलेली होती व तिच्यात चारही चाकांना शक्ती देणारा पर्याय मिळे. त्याच नावाने २०२१ साली आलेली गाडी मोनोकॉक असून केवळ पुढच्या चाकांवर चालणारी होती. नाव राहिले, यंत्र बदलले.

रचनेच्या निकषाची मर्यादा

'चौकट असेल तर एसयूव्ही, नसेल तर क्रॉसओव्हर' हा निकष सुटसुटीत असला तरी तो टिकत नाही. सोव्हिएत संघात १९७७ साली आलेली लाडा निवा मोनोकॉक होती, तरीही तिच्यात चारही चाकांना कायम शक्ती व लो रेंज गिअर होते आणि बर्फ-चिखलातील गाडी म्हणूनच तिने नाव कमावले. जीप चेरोकीची १९८४ची पिढीही चौकटीविना होती; तिला कोणी एसयूव्ही म्हणण्यास नकार दिल्याचे क्वचितच आढळेल. लँड रोव्हर डिफेंडर तर २०२० पासून अॅल्युमिनियमचे मोनोकॉक कवच वापरते.

म्हणून गाडी कशापासून बनली यापेक्षा ती काय करू शकते, हा निकष अधिक सयुक्तिक ठरतो. जमिनीपासूनची उंची, चढ-उतारावर पुढचा-मागचा भाग न घासण्याइतका कोन, चारही चाकांना शक्ती व लो रेंज गिअर हे गुण असलेल्या मोनोकॉक गाडीचा या नावावरील हक्क निर्विवाद आहे. केवळ पुढच्या चाकांवर चालणाऱ्या उंच मोटारगाडीच्या बाबतीत मात्र 'एसयूव्ही' हे नाव क्षमतेचे नसून आकाराचे वर्णन उरते. नदीपात्रातील वाळूत किंवा पावसाळ्यातील कच्च्या घाटवाटेवर हा फरक चालकास ताबडतोब कळतो.

कायद्यातील व्याख्या

अमेरिकेत १९७५च्या कायद्यानंतर हलक्या ट्रकांना मोटारगाड्यांपेक्षा सौम्य इंधन-मानके लागू झाली. तेथे भारासह एकूण ६,००० पौंडांपर्यंतच्या वजनमर्यादेचा एकच क्रॉसओव्हर दोन चाकांना शक्ती असल्यास मोटारगाडी आणि चारही चाकांना असल्यास हलका ट्रक ठरू शकतो.

भारतातील करविषयक व्याख्येत चौकटीचा किंवा चारही चाकांच्या शक्तीचा उल्लेखच नाही. लांबी ४,००० मिमीहून अधिक, इंजिन १,५०० घनसेंमीहून मोठे आणि जमिनीपासूनची उंची किमान १७० मिमी, या तीन मापांवर ती उभी आहे. परिणामी शिडीची चौकट व लो रेंज गिअर असलेली ३,९८५ मिमी लांबीची मारुती सुझुकी जिम्नी या व्याख्येबाहेर राहते, आणि पुढच्या चाकांवर चालणारी सफारी तिच्यात बसते. २०१३ साली एसयूव्हींवरील उत्पादन शुल्क वाढले, तेव्हा महिंद्राने एक्सयूव्ही५००ची उंची १७० मिमीच्या खाली आणली होती. 'सामान्यतः एसयूव्ही म्हणून ओळखले जाणारे' ही शब्दयोजनाही प्रारंभी नियमात होती. जुलै २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने तिच्याऐवजी कोणत्याही नावाचे उपयुक्तता वाहन ग्राह्य धरण्याचे ठरवले व उंची रिकाम्या गाडीची मोजावी, असे स्पष्ट केले. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांच्या मर्यादेपलीकडील पेट्रोल व डिझेल मोटारगाड्यांना आणि एसयूव्हींना सारखाच ४० टक्के कर लागू झाला आहे.