बर्फावरची हॉकी आणि कॉलेजची फी

बॉस्टनहून आमच्या वन्संचा फोन आला. लेक बर्फावरची हॉकी खेळते. एका कॉलेजच्या प्रशिक्षक बाई तिला म्हणाल्या, “तू आम्हाला हवीस!” इकडे आम्ही पेढे वाटले. फीची काळजी मिटली असंच वाटलं. पण मैत्रिणींनो, हिशेब तेवढा सोपा नाही हो!

अमेरिकेत १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानं मुलींना कॉलेजच्या खेळांची दारं उघडली. तरी मुलींच्या आइस हॉकीची पहिली एनसीएए राष्ट्रीय स्पर्धा व्हायला २००१ साल उजाडलं. खेळाची शिष्यवृत्ती पहिल्या श्रेणीतली कॉलेजं देऊ शकतात, तिसऱ्या श्रेणीतली देत नाहीत. हार्वर्ड, येल पहिल्या श्रेणीतली. पण तीही घरची ऐपत पाहूनच मदत करतात.

तेव्हा प्रशिक्षकांच्या बोलावण्याची वाट पाहू नये. मुलीनं स्वतः पत्र लिहावं (आईनं नव्हे!). सोबत गुणपत्रिका, खेळाची चित्रफीत आणि पुढच्या सामन्यांच्या तारखा द्याव्यात. तोंडी शब्दाला बंधन नसतं. पैसे किती, किती वर्षं, दुखापत झाली तर काय, हे लेखी घ्यावं.

वन्संनी लेकीला शेवटी एकच विचारलं, “हॉकी नसती, तरी इथं शिकली असतीस का?”

ती जरा थांबली, मग “हो” म्हणाली. आम्हाला पेढ्यांची गोडी तेव्हा खरी लागली!