खवले किडीला गाठायची वेळ

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याची राजधानी रॉली. ओकवृक्षांचं शहर म्हणून तिची ओळख आहे. वसंत सरत आला की तिथे रस्त्याकडेच्या ओकखाली लावलेल्या गाडीची काच चिकट होते. पाऊस नाही, दव नाही, तरी काचेवर बारीक थेंब वाळलेले दिसतात आणि पुसायला गेलं तर फडकं अडखळतं. पदपथावर, खालच्या झुडपांच्या पानांवरही तोच चिकटा. काही दिवसांत त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. या परिसरात, कॅरी-डरहॅमच्या बाजूला, नोकरीनिमित्त स्थिरावलेली मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. अंगणातला ओक असा गळू लागला की त्यांचा पहिला प्रश्न असतो: फवारायचं काय?

आधी फांदी खाली ओढून नीट बघावी. कोवळ्या काड्यांवर अर्ध्या वाटाण्याएवढे तपकिरी फुगवटे ओळीने बसलेले दिसतात. झाडाचीच गाठ वाटावी इतके ते सालीशी एकरूप झालेले असतात. एकाच्या कडेखाली नख घालून उचकटलं की तो टपकन सुटतो आणि आतून फिकट पिठासारखं काहीतरी सांडतं. ती अंडी, एकेका कवचाखाली शेकड्यांनी. कवच म्हणजे त्यांची आई. अंडी घालून ती मरते आणि तिचं वाळलेलं शरीर पिल्लांसाठी छप्पर होऊन राहतं.

ही ओकवरची खवले कीड. आपल्याकडे या जातीचे लोक नवे नाहीत. उसाच्या कांड्यांवर, आंब्याच्या पानांवर खवले असतातच, आणि सीताफळ-द्राक्षांवरचा पिठ्या ढेकूण त्यांच्याच गोतातला. पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाख तयार करणारा किडाही याच कुळातला, म्हणजे बांगड्यांची लाख आणि लाक्षागृहाची गोष्ट इथूनच आली. भूमध्य समुद्राकाठी तर ओकवरच्या केर्मिस नावाच्या खवल्यांपासून शतकानुशतकं कापडासाठी लाल रंग काढला जाई. माणसाने या किडीशी वैर धरलं तसा तिच्यावर संसारही चालवला आहे.

उपाय शोधण्याआधी एक भेद समजून घ्यायलाच हवा, कारण निम्मी औषधं तिथेच वाया जातात. खवल्यांचे दोन मोठे गट आहेत. मऊ खवले झाडाच्या अन्नवाहिन्यांतून गोड रस ओढतात. त्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनं कमी, म्हणून हवी ती प्रथिनं मिळवायला ते भरमसाट रस पितात आणि उरलेली साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकतात. गाडीवरचा चिकटा तो हाच. कठीण कवचाचे खवले मात्र सालीतल्या पेशी फोडून खातात. त्यांचा चिकटा पडत नाही आणि मुंग्याही येत नाहीत. म्हणून फांदी वाळायला लागेपर्यंत कोणाचं लक्ष जात नाही. इमिडाक्लोप्रिड हे मुळाशी द्यायचं लोकप्रिय औषध झाडाच्या रसवाहिन्यांतून फिरतं, त्यामुळे मऊ खवल्यांवर चालतं. कठीण कवचवाल्यांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

कवच पाठीवर आलं की कुठलीही साधी फवारणी वरून ओघळून जाते. पण या किडीच्या आयुष्यात एक उघडा काळ असतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू टाचणीच्या डोक्याहूनही लहान, पिवळट-नारिंगी, सहा पायांचं असतं. ते रांगत जागा शोधतं, सोंड खुपसतं आणि मग बहुतेक जातींत आयुष्यभर तिथेच राहतं. ओकवरचे हे मऊ खवले त्यात थोडे वेगळे आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं पानांवर जातात, शिरांजवळ बसून उन्हाळा काढतात आणि पानगळीआधी पुन्हा काड्यांवर परततात. हिवाळा तिथेच घालवून वसंतात फुगतात. म्हणजे पिल्लं रांगतात तेव्हाचे दोन-तीन आठवडे आणि पर्णहीन हिवाळा, या दोनच वेळा माणसाच्या हाताच्या. रांगती पिल्लं ओळखायला काडीभोवती दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी गुंडाळून ठेवावी. तिच्यावर पिवळी धूळ चिकटल्यासारखी दिसली की वेळ झाली. फुगवटे डोळ्यांत भरतात ते मे महिन्यात, आणि तेव्हा फवारणारा माणूस बहुतेक मरणपंथाला लागलेल्या आयांवर औषध ओततो.

पण मोठ्या ओकवर मुळात फवारावं का? माझं मत स्पष्ट आहे: सहसा नाही. खवल्यांना शत्रू भरपूर असतात. लेडीबर्ड भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या त्यांना खातात. जेमतेम दिसणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या खवल्याच्या अंगात अंडं घालतात आणि त्यांचं पिल्लू आतून त्याला पोखरून काढतं. कवचावर सुईने टोचल्यासारखं गोल भोक दिसलं तर समजावं की कोणीतरी आपलं काम आधीच केलं आहे. हे शत्रू गेले तर काय होतं, याचं एक ठसठशीत उदाहरण कॅलिफोर्नियात साउथ लेक टाहोला घडलं. तिथे डास मारण्यासाठी मॅलॅथिऑनची धुरळणी चाले. परिसरातल्या पाइनच्या सुयांवर खवल्यांचा उद्रेक झाला. लक आणि डालस्टेन या संशोधकांनी 1975 मध्ये दाखवून दिलं की धुरळणी थांबल्यावर शत्रू कीटक परतले आणि उद्रेक आपोआप ओसरला. कवचाखालची कीड धुरातून वाचत होती, तिला खाणारे मात्र उघड्यावर मरत होते. आपल्या गल्लीबोळांतही डासांसाठी धुराची गाडी फिरते, म्हणून हे प्रकरण आपणही मनावर घ्यावं असं मला वाटतं.

शत्रूंवर विश्वास ठेवण्याची आधुनिक परंपरासुद्धा खवल्यांमुळेच सुरू झाली. कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका कापसाळ खवल्याने मरणाला टेकवल्या होत्या. 1888 मध्ये आल्बर्ट कोबेले यांना ऑस्ट्रेलियाला धाडलं गेलं. त्यांनी पाठवलेल्या पहिल्या खेपांमधून व्हेडालिया जातीचे अवघे 129 भुंगेरे लॉस एंजेलिसला पोचले. एका झाडावर तंबू टाकून ते वाढवले, मग बागाबागांत सोडले. दोनेक वर्षांत बागा सावरल्या. जैविक कीडनियंत्रणाचा अभ्यास आजही या प्रसंगापासून सुरू होतो. महाराष्ट्रात द्राक्ष आणि सीताफळावरच्या पिठ्या ढेकणासाठी सोडतात तो क्रिप्टोलिमस भुंगेराही मूळ ऑस्ट्रेलियातलाच.

एवढे शत्रू असूनही शहरातल्या ओकवर खवले इतके का माजतात? त्याचं उत्तर रॉलीतूनच आलं. एमिली मायनेके, रॉबर्ट डन आणि स्टीव्ह फ्रँक यांनी तिथल्या विलो ओक वृक्षांवरच्या खवल्यांचा अभ्यास केला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार शहराच्या तापलेल्या भागांत खवल्यांची संख्या थंड भागांच्या 13 पटींपर्यंत होती. पुढच्या कामात असंही दिसलं की उष्ण झाडांवर खवल्यांची अंडी लवकर तयार होतात, पण परजीवी गांधीलमाश्यांचं वेळापत्रक तेवढं पुढे सरकत नाही. सिमेंट आणि डांबरात अडकलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती माती मोकळी करणं, पालापाचोळ्याचं आच्छादन घालणं, कोरड्या काळात खोलवर पाणी देणं, हे सगळं म्हणूनच बाटलीतल्या औषधाहून मोलाचं. झाड लहान असेल आणि खवले फारच असतील तर हिवाळ्यात फळबागेच्या खनिज तेलाची एक फवारणी द्यावी. तेल किडीच्या श्वासाची छिद्रं बुजवतं आणि मागे विष उरत नाही.

मुळाशी द्यायच्या औषधांबद्दल हात आखडता ठेवावा, त्याला कारण आहे. 2019 मध्ये स्पेनमधल्या संशोधनात असं आढळलं की अशी औषधं दिलेल्या संत्रावर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणांच्या गोड चिकट्यात विष उतरतं आणि तो चाटणाऱ्या उपयोगी माश्या व गांधीलमाश्या मरतात.

बोन्सायचं गणित उलटं आहे. तिथे झाड हातभर, पानं मोजता येतील इतकी, आणि गॅलरीत लेडीबर्डची वाट बघत बसणं परवडत नाही. जिथे ओकसाठी मी थांबायला सांगते, तिथे बोन्सायसाठी आजच हात घालायला सांगेन. आपल्याकडच्या फायकस, उंबर, वडाच्या बोन्सायवर बहुतेकदा तपकिरी मऊ खवले येतात. त्यांच्या माद्यांना नराची गरज पडत नाही, त्या थेट पिल्लं देतात, त्यामुळे सुटलेली एक मादी पुरेशी होते. पानाच्या मधल्या शिरेला लागून, काडीच्या बेचक्यात, तारेच्या वेढ्याखाली, अशा आडोशाला त्या बसतात. कुंडीच्या कडेने मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर खवले शोधायलाच लागावं. मुंग्या गोडासाठी त्यांची राखण करतात आणि शत्रूंना हाकलतात. पूर्वी दुधाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तसेच बोन्सायच्या मांडणीचे पाय ठेवावेत.

मग दिवसाउजेडी झाड टेबलावर घ्यावं. मातीवर कागद अंथरावा, म्हणजे पडलेली पिल्लं पुन्हा कुंडीत जाणार नाहीत. सर्जिकल स्पिरिटात बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक खवला भिजवावा आणि जुन्या मऊ दातब्रशने सालीच्या रेघेच्या दिशेने खरवडावा. जिवंत खवला चिरडला की ओला होतो, मेलेला कोरडा होऊन पापुद्र्यासारखा निघतो. मेलेलेही काढून टाकावेत, नाहीतर पुढच्या वेळी नवं-जुनं ओळखता येत नाही. त्यानंतर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे काही थेंब ढवळून पानांच्या खालच्या बाजूंसकट फवारावं, तेही उन्हं उतरल्यावर. भर उन्हात तेल पानं भाजतं. जेडसारख्या मांसल झाडांना साबण मानवत नाही आणि जुनिपर व जपानी मेपलला तेल सोसत नाही, तिथे ब्रश आणि पाण्यावरच भागवावं. ओकचं बोन्साय असेल तर पानं गळल्यावरचा काळ सोन्यासारखा, कारण तेव्हा प्रत्येक काडी उघडी दिसते.

एका बैठकीत काम संपत नाही. नजरेतून सुटलेल्या माद्या नवी पिल्लं देत राहतात, म्हणून आठ-दहा दिवसांच्या अंतराने हेच दोन-तीनदा करावं लागतं. आणि रोपवाटिकेतून नवं झाड आणलं की ते महिनाभर बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवावं आणि अधूनमधून भिंगाखाली बघावं, विशेषतः पानांची देठं जिथे काडीला मिळतात तिथे.