अंधाराचा तास

सकाळी ६
घर झोपेत आहे तोवर हेडफोन लावून खेळ सुरू करते. आज दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘डूम ३’ या भयखेळाची एक्स्पान्शन, म्हणजे त्याला जोडलेला पुढचा भाग, शिकवायची आहे: ‘रिसरेक्शन ऑफ इव्हिल’. जो खेळ शिकवायचा, त्यातला थोडा भाग त्याच सकाळी पुन्हा खेळल्याशिवाय मी वर्गात पाऊल ठेवत नाही. नुसत्या आठवणीवर भीती शिकवता येत नाही. आठवणीत फक्त राक्षस उरतात, राक्षस येण्याआधीचा बोळ पुसून जातो, आणि खरं काम त्या बोळाचंच असतं.

मूळ खेळ ऑगस्ट २००४चा, ही एक्स्पान्शन एप्रिल २००५ची. मूळ खेळ केला टेक्ससच्या आयडी सॉफ्टवेअरने. एक्स्पान्शनचं काम त्यांनी टेक्ससमधल्याच नर्व्ह सॉफ्टवेअरकडे सोपवलं. कथा मंगळावर घडते, साल २१४७. मूळ खेळातल्या संहाराला दोन वर्षं झाली आहेत. उत्खननात एका सैनिकाच्या हाती हृदयाच्या आकाराची एक प्राचीन वस्तू लागते आणि तिला हात लागताच नरकाचं दार पुन्हा उघडतं. या सैनिकाला नाव नाही. त्याला वाट दाखवणाऱ्या डॉक्टर एलिझाबेथ मॅक्नील बहुतेक वेळ फक्त आवाजातूनच भेटतात.

सातपर्यंत पहिला भाग संपतो. हातांना हलका घाम आलेला असतो.

सकाळी ९
कोथरूडहून बस, मग जिना, मग लॅबच्या किल्ल्या. पंधरा संगणक सुरू करायचे, प्रत्येकावर खेळ उघडतो का बघायचं. आयडीने या खेळाचा सोर्स कोड २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, त्यामुळे आजच्या मशीनवरही तो नीट चालतो. खेळाच्या मूळ फायली मात्र विकतच घ्याव्या लागतात, आणि हे मी मुलांना दर वर्षी सांगते.

सकाळी १०
आधी खेळ दाखवत नाही, त्याची पिशवी उघडून दाखवते. ‘पीके४’ नावाची फाईल म्हणजे प्रत्यक्षात झिप फाईल. नाव बदललं की उघडते. आत नकाशे असतात आणि तेही साध्या मजकुरात लिहिलेले. दिव्याची जागा, त्याचा रंग, प्रकाश किती लांब पोचणार, सगळं डोळ्यांनी वाचता येतं. एक्स्पान्शनचे नकाशे वेगळ्या फोल्डरमध्ये, खेळातल्या ठिकाणांप्रमाणे: एरेबसचे सहा, फोबोसचे चार, मग डेल्टा, मग नरक. बारा नकाशांत सगळा खेळ.

“एवढंच?” ओंकार विचारतो.

एवढंच. मुलांना हे कळणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याने रात्री घाबरवलं ते कुणीतरी ओळीओळीने लिहिलेलं आहे, आणि तेही तसं लिहू शकतात.

सकाळी ११
हा तास माझा सर्वांत आवडता. खेळ सुरू ठेवून कन्सोल उघडते आणि सावल्या बंद करणारी आज्ञा देते. एका क्षणात सगळं सपाट होतं. तोच बोळ, तोच राक्षस, पण आता तो रबराचा बाहुला वाटतो. मुलं हसतात. सावल्या पुन्हा सुरू करते. हसू थांबतं.

मग शांतपणे समजावते. ‘डूम ३’आधीच्या बहुतेक खेळांत प्रकाश आधीच मोजून भिंतींवर रंगासारखा चिकटवलेला असे. ‘डूम ३’मध्ये प्रत्येक दिव्याचा हिशोब खेळ चालू असताना, दर फ्रेमला होतो. म्हणून लटकता दिवा झुलला की त्याच्याबरोबर अख्खी खोली झुलते. सावलीची कड सुरीसारखी धारदार, कारण ती रंगवलेली नाही, भूमितीतून कापलेली आहे. पण याची किंमत मोजावी लागते. ज्या पृष्ठभागावर जितके दिवे पडतात, तितक्या वेळा तो पृष्ठभाग नव्याने काढावा लागतो. २००४च्या ग्राफिक्स कार्डांना ते झेपेना. म्हणून दिवे मोजून लावायचे. खोल्या छोट्या, बोळ अरुंद, मध्ये दारं. दार बंद असलं की पलीकडची खोली संगणकाला काढावीच लागत नाही.

“म्हणजे अंधार परवडत होता म्हणून ठेवला?” सायली विचारते.

अर्धं बरोबर. अंधार परवडत होता आणि हवाही होता. यंत्राची मर्यादा आणि मनाची भीती एकाच बोळात येऊन भेटली, आणि खेळ करणाऱ्यांना ते ओळखता आलं. वर्षभरात मुलांनी दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, हे ठेवावं. आपल्याकडची मुलं मोठ्या मशीनची वाट बघत बसतात. ती वाट बघू नये.

दुपारी १
डबा. पोळीभाजी खाताना टॉर्चवर वाद रंगतो. मूळ खेळात एका वेळी टॉर्च तरी धरा नाहीतर बंदूक तरी. एक्स्पान्शननेही तोच नियम ठेवला. २०१२च्या नव्या आवृत्तीत टॉर्च चिलखतावर बसवली, हात मोकळे झाले. निम्म्या वर्गाला ते बरं वाटतं. मला नाही. बघायचं की मारायचं, हा प्रश्न प्रत्येक दाराशी पुन्हा पडायला हवा.

दुपारी २
आता आजचा मुख्य मुद्दा. एक्स्पान्शन करणाऱ्यांपुढची अडचण मूळ खेळवाल्यांपेक्षा अवघड असते. समोरचा खेळाडू पुरा सरावलेला असतो. चिलखत उचललं की पाठीमागची भिंत उघडणार, हे त्याला ठाऊक असतं. त्याला आता कसं घाबरवायचं?

नर्व्हने त्याला आणखी बळ दिलं. १९९४च्या ‘डूम २’मधली दुनळी परत आणली. राक्षसाने फेकलेला आगीचा गोळा हवेतच पकडून त्याच्याच अंगावर उलटा टाकणारा ग्रॅबर दिला. आणि ती हृदयासारखी वस्तू. एकेक शिकारी राक्षस मारला की तिच्यात एकेक शक्ती येते: आधी काळ संथ करणारी, मग मुठीत प्रचंड ताकद, मग काही क्षणांचं अभय.

इथे मी मुलांना थांबवते आणि विचारते, ही वस्तू चालते कशावर?

माणसांच्या प्रेतांवर. मेलेल्या माणसाजवळ जाऊन त्याचा आत्मा ओढून घ्यायचा. एका वेळी तीनच मावतात. मूळ खेळात बोळातली प्रेतं सजावट होती, नजर चुकवून पुढे जायचं. इथे आपण ती शोधत फिरतो. कोपऱ्यात एखादं दिसलं की बरं वाटतं, आणि बरं वाटल्याचं लक्षात आलं की पोटात काहीतरी हलतं. राक्षस अंगावर न येताही बसलेली ही भीती नवी होती. या एक्स्पान्शनमध्ये मला सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

मुलं काही वेळ गप्प असतात. मग आदित्य म्हणतो, “मॅडम, पण शेवटी शेवटी तीनही शक्ती आल्या की काहीच वाटत नाही. नुसतं धावत सुटायचं.” खरं आहे. नरकात पोचेपर्यंत खेळाडू इतका बलवान झालेला असतो की नरक फक्त लाल दिसतो. मेलडिक्टशी, म्हणजे मूळ खेळातला खलनायक बेट्रूगर याने घेतलेल्या उडत्या रूपाशी, शेवटची लढाई भव्य आहे, भीतीदायक नाही. बळ दिलं तर त्याची किंमत शेवटपर्यंत वसूल करावी लागते, आणि शेवटच्या टप्प्यात प्रेतांचा तो हिशोब सैल पडला.

दुपारी ४
प्रत्यक्ष काम. प्रत्येकाने एक खोली बांधायची. एक दार, एक दिवा, एक प्रेत, एक ट्रिगर, म्हणजे पाऊल पडताच काहीतरी घडवणारी जागा. राक्षस नाही. अट एकच, खोलीत शिरलेल्याने प्रेताजवळ जायला थोडं थांबलं पाहिजे.

दीड तास फक्त माऊसचे आवाज. ओंकारने दिवा प्रेताच्या बरोबर वर टांगला आहे. सायलीने दाराजवळ लावला आहे, त्यामुळे आत जाणाऱ्याची स्वतःची सावली लांब होऊन प्रेतावर पडते. मी तिच्या खुर्चीमागे बराच वेळ उभी राहते.

संध्याकाळी ६
अदलाबदल. प्रत्येकाची खोली दुसऱ्याने खेळायची, बांधणाऱ्याने मागे उभं राहायचं आणि एक शब्दही बोलायचा नाही. “इकडे बघ ना” म्हणायची फार ओढ होते. मी पडदा बघत नाही, खेळणाऱ्याचा डावा हात बघते. पुढे जायच्या बटणावरून बोट कुठे उचललं जातं, ती जागा वहीत टिपते. ओंकारच्या खोलीत कुणाचंच बोट उचललं जात नाही. सायलीच्या खोलीत सगळ्यांचं, उंबऱ्यावरच.

रात्री ९
घरी, जेवणानंतर, वही उघडून शेरे लिहिते. ओंकारला: दिवा बदलू नकोस, प्रेत दाराआड सरकव, आधी फक्त पाय दिसू देत. आदित्यला: ट्रिगर फार लवकर वाजतो, चार पावलं पुढे ने. सायलीला: दुसरी खोली बांध, आणि तिथे खेळाडूला पहिलीपेक्षा जास्त बळ दे; मग बघ, त्याचा हात अजून थांबतो का. उद्या सकाळी दहाला नव्या खोल्या बघायच्या आहेत.