लक्षात काय ठेवायचं?

घरच्यांचे फोन नंबर आता किती जणांना तोंडपाठ असतात? संशोधक बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात, माहिती यंत्रावर सोपवून देण्याच्या याच सवयीवरचे प्रयोग मांडले. लोकांना फुटकळ माहितीची वाक्यं संगणकावर टाइप करायला दिली. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, अशी. निम्म्यांना सांगितलं, हे साठवलं जाईल; बाकीच्यांना, पुसलं जाईल. पुसलं जाणार असं वाटलेल्यांनाच जास्त आठवलं! दुसऱ्या प्रयोगात मजकुरापेक्षा तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हेच अधिक लक्षात राहिलं.

यावरून मेंदू आळसावला म्हणणं मला घाईचं वाटतं. संसारातही आठवणींची अशी वाटणी होतेच: एकाला सणवार आठवतात, दुसऱ्याला विम्याचे हप्ते. शिवाय याच शोधनिबंधातला आणखी एक प्रयोग २०१८ च्या फेरतपासणीत टिकला नाही.